वाट बघणाऱ्यांची भिंत

१२ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंनी आज माझा मोबाईल उचलला. न विचारता!

चूक माझीच. जेवणाच्या सुट्टीत नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली बसून बोटानं चित्र काढत होतो. तेवढ्यात मालकांनी हाक मारली — हॉस्पिटलच्या बाई आल्यात, गाडीत बारा कुंड्या चढव. मोबाईल तसाच फळीवर टाकून पळालो. परत येतो तर बाई त्यावर वाकलेल्या.

"हे कुठलं झाड?"

"कुठलंच नाही."

"मग काय बघून काढलंस?"

आता काय सांगणार. रोपांवरचे पाण्याचे फवारे बंद झाले की जाळीतून ऊन येतं आणि पाण्याचा धूर अजून खाली बसलेला नसतो. दोनच मिनिटं. तेव्हा हिरवा रंग पानांवर नसतो, हवेत असतो. तो डोळ्यांत भरून घ्यायचा, डोळे मिटायचे, बोट ठेवायचं. पुढचं बोटाला ठाऊक. एवढं बोललो नाही. "असंच येतं," म्हणालो.

बाईंनी मोबाईल जरा लांब धरून बघितला. मग म्हणाल्या, त्यांच्याकडे ऑपरेशनच्या दाराबाहेर एक भिंत आहे. आत आपलं माणूस असतं आणि बाहेर लोक बाकावर बसून असतात. समोर पांढरी फट्ट भिंत. बारा फूट. "तिथे लावते हे. देशील?"

देईन म्हणालो. विचार करायची सवय नाही मला, त्याचा कधीकधी फायदा होतो.

जाता जाता त्यांनी बाबांना धरलं. बाबा म्हणजे इथले जुने माळी, कोणाचेच बाबा नाहीत, सगळे तसं म्हणतात म्हणून. "पोटातला गोळा दाखवायला अजून आला नाहीत तुम्ही." बाबा म्हणाले, "एवढी रोपं लावून झाली की येतोच." गेलं वर्षभर हेच चाललंय.

१३ मार्च, बुधवार

बारा फूट म्हणजे मी दोनदा आडवा आणि वर आणखी थोडा.

१५ मार्च, शुक्रवार

बाजाराच्या रस्त्यावर मोठे फलक छापणारा आहे, त्याच्याकडे गेलो. बाईंनीच पत्ता दिला. माणूस तोंडाळ आहे. चष्मा कपाळावर ठेवतो आणि तोच शोधत फिरतो.

चित्र त्याच्या पडद्यावर टाकलं आणि मोठं करत गेला. मोठं केलं तसे चौकोन दिसायला लागले. मग नुसतेच चौकोन.

"हे चित्र आहे की न्हाणीघराची फरशी?"

त्याचं म्हणणं, मोबाईलवर काढलेलं तळहाताएवढं चित्र भिंतीएवढं ताणलं की असंच फाटणार. मोठ्या मापावर परत काढावं लागेल. रविवारी दुकान बंद असतं, त्याचा मोठा पडदा आणि पेन वापरायला देतो म्हणाला.

मी म्हटलं, "परत कसं काढणार? हे मी काढलेलं नाही, आलेलं आहे."

"मग परत बोलाव त्याला. माझा पत्ता दे."

आणि खरी गंमत पुढेच! म्हणाला, "हे बघ, मला चित्र जुळवणारा माणूस हवाच आहे. ही भिंत नीट उतरली तर कुंड्या सोड आणि इथे बस. नाही उतरली तर मला कुंडीत लावायला एक तुळतुळीत डोक्याचं झाड दे, माझ्यासारखं."

तीन वर्षांत हे माझं चौथं काम. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून एका जागी बूड टेकलं नाही. पण ती खुर्ची बघितली आणि वाटलं, या खुर्चीत मी टिकेन. भिंत उतरायलाच हवी.

१७ मार्च, रविवार

नाही उतरली.

मोबाईल शेजारी ठेवला आणि बघून बघून काढलं. रेघ तीच, रंग तोच. चित्र मेलेलं. दुकानातल्या प्लास्टिकच्या पानांसारखं, धूळ पुसली की झालं.

छापणारा मागे उभा राहून सफरचंद खात होता. "ती रेघ चुकली तर मागे घे ना. तो वाकडा बाण दाब."

मी तो बाण दाबत नाही. कधीच दाबलेला नाही. दोन वर्षांत एकदाही! आई म्हणते, कशालाही हात लावायच्या आधी डोळे मिट. मागू नकोस काही. नुसता हजर राहा, जे येईल ते घे. ती पीठ मळतानाही तशीच उभी राहते, एक क्षण. मी चित्रापुढे तसा राहतो. मग आलेली रेघ मागे कशी घ्यायची? दिलेलं परत करण्यासारखं आहे ते.

हे त्याला सांगितलं. हसला नाही, मला वाटलं होतं हसेल. म्हणाला, "मग देवानं तो बाण कशाला दिला?"

"तो कंपनीनं दिलाय."

"कंपनीला बुद्धी कोणी दिली?"

सफरचंदाचा अर्धा तुकडा दिला त्यानं. माझ्या पुढच्या दहा रेघा आणखी वाईट आल्या आणि त्याही तशाच ठेवल्या.

१८ मार्च, सोमवार

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला एकच चित्र येतं, आणि तेही चुकून." मोठी बहीण असली की शत्रू वेगळा लागत नाही. पण फोन ठेवता ठेवता म्हणाली, "येत्या रविवारी मोबाईल घरी ठेवून जा. मी परीक्षेला पुस्तक नेलं असतं तर मलाही काही सुचलं नसतं." ती पास व्हायची, हेही तिनं ऐकवलंच.

२० मार्च, बुधवार

आज विरळणी. ट्रेच्या एकेका कप्प्यात दोन-तीन बिया पडतात आणि दोन-तीन रोपं येतात. एक ठेवायचं, बाकीची उपटायची. शंभर ट्रे. मला हे काम कधीच आवडलं नाही. मी दोन्ही ठेवतो आणि ट्रे पुढे सरकवतो, कोणाला कळत नाही.

बाबांना कळतं. माझा ट्रे घेऊन आले, शेजारी बसले. बसताना पोटावर हात दाबून बसले.

"दोन ठेवलीस."

"दोन्ही चांगली आहेत, बाबा."

"आज चांगली आहेत. पंधरा दिवसांनी दोघं मिळून एकाएवढी होतील, आणि तेही मरतुकडं."

मी म्हटलं, देवानं दोन उगवली, आपण उपटणारे कोण? बाबा देव मानणारे, सकाळी पहिल्या रोपाला हात लावून कपाळाला लावतात. म्हटलं, आता अडकतील.

अडकले नाहीत. बोटं चालूच. "तो पेरतो सढळ हातानं. त्याचा स्वभाव. निवडायला माणूस ठेवलाय. नाहीतर मला पगार कशाचा देतात इथे?"

"पण कुठलं ठेवायचं ते कसं कळतं?"

"बघत बसलास तर नाही कळणार. हात लाव. हाताला कळतं." मग माझ्या बोटांकडे बघून, "तुझ्या हाताला कळतंय की रे. तूच ऐकत नाहीस."

दुपारपर्यंत चाळीस ट्रे केले. उपटलेलं रोप हातात घेऊन मला वाईट वाटत होतं, पहिल्या दहापर्यंत. नंतर ठेवलेल्याकडे बघायला लागलो.

२४ मार्च, रविवार

आलं!

सकाळी सुट्टी असून नर्सरीत गेलो. फवारे चालू असताना जाळीखाली उभा राहिलो, पार भिजलो. मोबाईल खोलीवर. ओल्या शर्टातच दुकानात गेलो. छापणाऱ्यानं खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं, माझी नाही, खुर्चीची काळजी.

डोळे मिटले. हजर राहिलो. मग पेन.

पहिली रेघ खालून वर गेली, तळाच्या ओलीतून निघाल्यासारखी. दुसरी तिच्या अंगावर आली. दोन्ही चांगल्या. आणि हाताला कळलं, दुसरी नको. बाण दाबला.

छत पडलं नाही. छापणाऱ्याच्या हातातला चहासुद्धा हिंदकळला नाही. पहिली रेघ मात्र एकटी उभी राहिली आणि श्वास घ्यायला लागली.

त्यानंतर किती वेळ गेला ठाऊक नाही. हिरवा आधी काळपट होता, वर जाता जाता पिवळा झाला, आणि एकदम वर तो रंगच राहिला नाही, उजेड राहिला. मधे एकदा वाटलं, आता सुंदर करू या — तिथे हात थांबला. तो आपोआप थांबतो, तुम्ही स्वतःला मोठे समजायला लागलात की. परत डोळे मिटले, परत चालू. बाण अकरा वेळा दाबला. अकराही वेळा आधी हातानं सांगितलं, मग मी दाबला. हे रेघ मागे घेणं नाही, निवडणं आहे. मला यात आता काडीची शंका नाही.

छापणारा आला, चष्मा डोळ्यांवर घेतला. पहिल्यांदाच जागेवर सापडला त्याला.

"खाली एवढं कोरं काय सोडलंस?"

"तिथे माणसांची डोकी येतील. बाक आहे ना पुढे."

"हं." मग चष्मा वर सरकवून, "बघ की. डोकंही आहे तुला."

२७ मार्च, बुधवार

डॉक्टरबाई दुकानात आल्या. मी मालकांकडून दोन तास मागून घेतले होते. बघितलं आणि म्हणाल्या, "हे ते नाही."

छापणारा माझ्याकडे बघेना, कागद आवरायला लागला. आधीच आवरलेले.

पण खोटं कशाला बोलू? म्हटलं, "ते नाहीच, बाई. ते माझ्या सुट्टीतलं होतं. हे तुमच्या भिंतीचं आहे."

बाईंनी खुर्ची ओढली, पडद्यापासून लांब नेली, बाक असेल तेवढ्या अंतरावर. बसल्या. पर्स मांडीवर घेऊन, जशी माणसं बसतात तशी. फोन वाजला तो उचलला नाही.

"लावू या," म्हणाल्या.

७ एप्रिल, रविवार

लावलं. चार पट्ट्यांत छापलं होतं. मी शिडीवर, छापणारा खालून शिव्या देत. डावीकडे एक हवेचा फुगा राहिला, तो टाचणीनं बसवला. कुठे ते मलाच माहीत.

एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते, त्यांनी विचारलं, गोंदाच्या वासाचा आत त्रास होईल का. नाही होणार म्हणालो. ते दाराकडे बघत बसले.

घरी फोटो पाठवला. आईनं फोन केला. चांगलं झालंय वगैरे नाही म्हणाली. म्हणाली, "किती वेळ बसावं लागतं रे तिथे लोकांना?" मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कोणाला.

येत्या एक तारखेपासून खुर्ची माझी! छापणाऱ्यानं हात पुढे केला, मग शाई लागलीय म्हणून मागे घेतला, मग तसाच पुढे केला.

९ एप्रिल, मंगळवार

बाबांना सांगितलं, महिनाअखेर जातोय. "जा," म्हणाले. "पण कुंड्या उचलून पाठ मोडली असं लोकांना सांगू नकोस. तुझी पाठ टेकून टेकून मोडलीय."

दुपारी रोपांच्या रांगेत खाली बसले ते उठेनात. चेहरा मातीसारखा. मालकांनी गाडी काढली. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सरळ शुक्रवार सांगितला, गोळा काढायचा. या वेळी बाबा रोपांचं नाव घेऊन सुटले नाहीत. कागदावर विचारलं होतं, सोबत कोण. बाबा पेन धरून बसून राहिले. मी त्यांच्या हातातून घेतलं आणि माझं नाव लिहिलं. नातं विचारलं होतं तिथे मुलगा लिहिलं. बाबांनी वाचलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

बाकावरूनच लिहितोय. बाबांना आत नेऊन तीन तास झाले. दीड म्हणाले होते.

चित्र समोर आहे. मला दिसलंच नाही इतका वेळ, मी दाराकडे बघत होतो. शेजारी एक बाई आहेत, त्यांचा नवरा आत. त्यांनी माझा गुडघा बघितला, सारखा हलत होता. म्हणाल्या, "दाराकडे नको बघूस, बाळा. त्यानं वेळ जात नाही. तिकडे बघ, त्या हिरव्याकडे. खालून सुरू कर आणि सावकाश वर जा. मी सकाळपासून तेच करतेय."

कोणी काढलंय ते सांगितलं नाही.

खालून सुरू केलंय.