खंड्या, माझी लेन्स आणि मंडळातले दानशूर

तीर्थरूप मामांस,

उजवा गुडघा अजून सुजलेला असल्याने साष्टांगाऐवजी उभ्याउभ्याच नमस्कार करतो, तो गोड मानून घ्यावा. तुमची कंबर काय म्हणते? मामींचा खोकला गेला का? इकडे माणसं सगळी ठणठणीत आहेत. गेली ती माझी लांब लेन्स.

झालं असं, की घरामागच्या तळ्याच्या काठाला खंड्याच्या जोडीनं बीळ करून पिल्लं काढली. मी रोज सकाळी ट्रायपॉड लावून बसत होतो. हिचा भाऊ सुट्टीवर आलेला, तो मदतीला म्हणून बरोबर आला. (मदतीची हौस असलेल्या माणसाला रिकामं बसवू नये, आणि कामाला तर मुळीच लावू नये.) त्यानं ट्रायपॉडच्या पायाशीच बैठक मारली आणि हाताला चाळा म्हणून त्या पायाचा स्क्रू सैल करत बसला. ट्रायपॉड कलला तशी मी झेप घेतली, पण उशिरा. लेन्स दगडावर आणि मी लेन्सवर, असा क्रम लागला. मेहुणा शांतपणे म्हणाला, "भाऊजी, कॅमेरा तर धड आहे. उगाच कशाला जिवाला लावून घेता?" दुरुस्तीवाल्यानं लेन्स कानाशी धरून खुळखुळ्यासारखी हलवली आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघून ती परत दिली.

पिल्लं कधीही उडून जातील, आणि मंडळाचं प्रदर्शन तोंडावर. म्हटलं, आमच्या छायाचित्र मंडळात एकेकाच्या कपाटात लेन्सांची उतरंड आहे, कुणीतरी देईलच. मंडळाच्या ग्रुपवर बातमी टाकली. जोडलेल्या हातांची चित्रं येऊन पडली. एकानं तर 'ईश्वर त्या लेन्सला शांती देवो' असं लिहिलं. 'माझी घेऊन जा' असं लिहायला मात्र कुणाचा अंगठा वळला नाही. मग निघालो दारोदार.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्या लेन्सा काचेच्या कपाटात असतात, आत दमटपणा मोजायचं यंत्र आहे. (बाहेर पेशंट गाल धरून कण्हत बसलेले, त्यांना पंखासुद्धा नाही.) पांढरे हातमोजे घालून त्यांनी मला हवी तीच लेन्स दाखवली आणि मी हात पुढे करताच आत ठेवली. म्हणाले, "लेन्स आणि टूथब्रश दुसऱ्याचा मागू नये." वर फोटो लेन्सनं नाही, नजरेनं काढायचा असतो, हेही ऐकवलं. ती लेन्स त्यांनी धुळीच्या भीतीनं अजून घराबाहेर नेलेली नाही.

मंडळातल्याच एका विमा एजंटानं मात्र उदार मनानं आपली लेन्स दिली. तिच्यात बुरशीनं असं काही घरटं केलं होतं, की खंड्यालाही हेवा वाटावा. त्यातून काढलेला फोटो मी ग्रुपवर टाकला, तर तिघांनी धुक्याचं कौतुक केलं. लख्ख ऊन होतं हो, मामा.

शेवटी चित्रकलेच्या बाई धावून आल्या. त्यांची लेन्स दुसऱ्या कंपनीची, म्हणून मधे बसवायला एक कडी दिली. कडी बसली ती बसलीच. आता लेन्स निघत नाही आणि फोकस हलत नाही. बाई रोज फोन करून विचारतात, "झालं का हो तुमचं काम?" मी रोज, होत आलंय, म्हणून सांगतो.

परवा तळ्यावर मी त्या कडीशी झटापट करत होतो. घामानं चष्मा घसरलेला, दात आवळलेले. एवढ्यात खंड्या आला आणि कुठं बसावा? माझ्याच लेन्सच्या टोकावर. इतका जवळ की मला तो नुसता निळा डाग दिसला. हलता येईना. ही डबा घेऊन आली होती, तिनं निवांतपणे फोनवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पिल्लं उडून गेली. हौसेच्या या धंद्यात माणसं कशी असतात ते कळलं, एवढंच तुमच्या कानावर घालायचं होतं. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. प्रदर्शनाचे परीक्षक तुम्ही आहात असं आताच समजलं. वशिला लावणं माझ्या स्वभावात नाही. तरी लेन्सवर बसलेला खंड्या आणि मागे दात आवळलेला एक गृहस्थ असा फोटो दिसला, तर जरा थांबून बघावा. खाली नाव माझं आहे. फोटोत मीच असताना काढला कुणी, असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा नजरेनं काढला असं सांगितलं.

आणखी एक ता. क. हिनेही तोच फोटो स्वतःच्या नावानं दिल्याचं उघडकीला आलं. तिच्या प्रतीत मला कापून टाकलंय. फोटो पहिल्यापेक्षा पुष्कळच चांगला दिसतो, हे दुर्दैवानं खरं आहे.

शेवटचा ता. क. ही म्हणते, तिचं आणि मामींचं या विषयावर कालच फोनवर बोलणं झालं. म्हणजे निकाल लागला. तेव्हा परीक्षणाचं जाऊ द्या, तुमची ती लांब लेन्स तेवढी पाठवून द्या. लेन्स नजरेनं नाही पाठवता येत, कुरियरनं पाठवावी.