एकही घटना नोंदलेली नाही

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आज रजा घेतली. सकाळी कपडे धुतले, अकराला हॉस्पिटलात गेलो, एकला परत आलो. मोठ्या डॉक्टरांनी लेखी उत्तर दिलं, की यंत्राने काम नीट केलं आणि कोणताही नियम मोडला गेला नाही. कोणता नियम, असं मी विचारलं. या यंत्रासाठी अजून नियमच झालेला नाही, असं ते म्हणाले.

तू आलीस तेव्हा माझ्याच्याने सांगवलं नाही, म्हणून लिहितो. ऑपरेशन साधं होतं, पित्ताशयाचं. खाटेजवळचं ते यंत्र नाडी आणि श्वास बघतं, आणि कोणता इशारा नर्सला कळवायचा, कोणता गाळायचा, ते स्वतःच ठरवतं. तुझी वहिनी सकाळभर कूस बदलत होती, त्यामुळे चार वेळा उगाच घंटा वाजली. पाचव्यांदा श्वास खरोखर मंदावला, तो इशाराही यंत्राने उगाचचा धरून गाळला. सव्वा तास कुणी फिरकलं नाही, आले तेव्हा ती गेलेली होती. पूर्वी नर्स अर्ध्या अर्ध्या तासाने खाटेशी यायची. यंत्र आल्यापासून ती फेरी बंद आहे.

मी तिथे नव्हतो. नर्स म्हणाली, काका, यंत्र आहे ना, तुम्ही जेवून या. मी गेलो, आणि वाटेत माझ्या कामातली एक बंद पडलेली लिफ्टही चालू करून आलो.

तू नियम करणाऱ्या खात्यात आहेस. खरंच काहीच नाही का? तब्येतीला जप.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

नियम होत आहेत. मसुदा लोकांपुढे ठेवला आहे आणि सूचना एकतीस तारखेपर्यंतच घेणार आहेत. त्यात नर्सच्या फेरीबद्दल एक अक्षर नाही. एकतीसनंतर तो छापायला गेला की पाच वर्षं कुणी हात लावणार नाही.

तूच लिही. सोबत फॉर्म पाठवते. मला लिहिलेलं पत्र चालणार नाही. मी सख्खी बहीण, मला ते फायलीत लावताच येत नाही. तारीख आणि वेळ नीट घाल. रागावून लिहू नकोस, रागाचे कागद आमच्याकडे एका वेगळ्या गठ्ठ्यात जातात. वहिनी मला नियमांची सासू म्हणायची. आज ते फार आठवतं.

जेवतोस ना? माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी


१४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

जेवतो. फॉर्म तीनदा काढला, तीनदा ठेवला. सुचवलेली दुरुस्ती, या रकान्यात काय लिहू? तिला परत आणा?

आमच्या कामात पहिल्या दिवशी एकच शिकवतात. लिफ्टच्या माथ्यावर उतरण्याआधी मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. कुणी कितीही सांगो, की स्विच बंद आहे. हा नियम का झाला, असं मी आमच्या उस्तादांना विचारलं होतं. त्यांनी फक्त एका माणसाचं नाव सांगितलं. मी तीस वर्षं ती किल्ली कुणाला दिली नाही, आणि त्या दुपारी दिली.

एक विचारतो. एवढे शिकलेले लोक बसता, फेरीचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही का?

उत्तराची वाट बघतो.

दादा


१८ मार्च

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

आलं होतं. पहिल्या मसुद्यात चौदावं कलम तेच होतं, यंत्र असलं तरी नर्सने दर अर्ध्या तासाने खाटेशी जावं. यंत्रवाल्या कंपन्यांची माणसं बैठकीला आली. फेरी ठेवायची तर यंत्र घ्यायचं कशाला, असं म्हणाली. साहेबांनी माझं मत मागितलं. मी फायलीवर लिहिलं, "आजवर एकही घटना नोंदलेली नाही, सबब कलम तूर्त वगळावे." खाली सही माझी. साहेबांनी नुसतं 'मान्य' लिहिलं.

याला अकरा महिने झाले. त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे राहायला आले होते. वहिनीने माझे केस विंचरून दिले होते.

मागच्याच पत्रात सांगायचं ठरवलं होतं. धीर झाला नाही. आमच्या खात्याला घटना लागते, दादा. ती आता मिळाली.

फायलीतलं ते पान एकशे बारा आहे. अर्ज केला तर कुणालाही मिळतं. तुझ्या फॉर्ममध्ये त्या पानाचा उल्लेख आला तर साहेबांना ते वाचावंच लागेल. माझं काय व्हायचं ते होईल. नाव गाळू नकोस.

माया ठेव, असं आज कुठल्या तोंडाने लिहू?

धाकटी


२९ मार्च

धाकटीस,

तुझं पत्र आलं. चार दिवस ते खिशात घेऊन कामावर जात होतो.

पाचव्या दिवशी पानासाठी अर्ज केला. काल नक्कल मिळाली. तुझं अक्षर लहानपणापासून तसंच आहे. मीच गिरवून घेतलं होतं.

फॉर्म भरला. तारीख, वेळ, सव्वा तास. पान एकशे बारा, तुझं वाक्य पूर्ण, तुझ्या नावासकट. त्याखाली हेही लिहिलं, की नवरा त्या वेळी तिथे नव्हता, यंत्र आहे म्हणून गेला होता. दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, की दर अर्ध्या तासाने माणसाने यावं, तोंडाकडे बघावं आणि खाटेला लावलेल्या कार्डावर सही करावी. आमच्या लिफ्टमध्ये देखभालीचं असतं तसं कार्ड.

आज सकाळी तुमच्या खात्याच्या इथल्या कचेरीच्या खिडकीत स्वतः दिला. शिक्का मारून पोच दिली. कलम येईल की नाही, तिथल्या माणसाला माहीत नव्हतं.

तुला ये म्हणवत नाही. येऊ नकोस, असंही लिहीत नाही. तिचा कंगवा आहे तिथेच आहे.

हे एका इमारतीच्या मोटारखोलीत बसून लिहितो आहे. कामातला जोडीदार रजेवर आहे. पहारेकरी खालून ओरडून सांगतो, की खालचा स्विच बंद केला आहे. आता मी उठून इथल्या मेन स्विचला कुलूप लावतो, ओढून बघतो, किल्ली खिशात टाकतो आणि लिफ्टच्या माथ्यावर उतरतो.

दादा