छातीत कोण दमलं?

॥ श्री ॥
मु. तुडील, ता. महाड
६ ऑक्टोबर १९६१

चि. आवडीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल. हळवं भात कापणीला आलंय. माझा दमा हाय तसाच, पण महाडच्या डॉक्टरनं या खेपेला नवंच काढलं. छातीला नळी लावली, मग मानेच्या शिरा बघितल्या नि पायाचा घोटा बोटानं दाबला. मी म्हटलं, खोकला छातीत नि तुम्ही पाय काय बघता? तर म्हणाला, फुप्फुस वर्षानुवर्षं आजारी असलं की त्यात रक्त ढकलून ढकलून काळीजही दमतं. पण दम लागला की सगळे दम्यालाच बोल लावतात नि काळजाचं दुखणं मागं लपून राहतं. मुंबईला जाऊन काळजाची कागदी पट्टी काढून आण म्हणतो.

तू नर्सबाई हायस, तर सांग. दोघं एका छातीत शेजारी, मग दमलं कोण हे कागदाला कसं कळतं? तुझी वहिनी म्हणते, आधी विडी टाका, मग कागद काढा.

माया हाय ती राहू दे.
सोनबा

परळ, मुंबई
१४ ऑक्टोबर १९६१

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि जराशी घाबरलेही. काळीज दर ठोक्याला बारीकशी वीज सोडतं. हातापायांना, छातीला तारा लावल्या की यंत्र ती रेघेनं कागदावर काढतं. झटका बसत नाही, मी स्वतःवर करून पाहिलंय. काळजाची उजवी बाजू फुप्फुसापायी जादा राबत असेल तर रेघ वेगळी उठते. पण डॉक्टर एकट्या रेघेवर विसंबत नाहीत. छातीचा फोटो काढतात आणि खूप प्रश्न विचारतात. विडीबद्दल तू खोटं सांगशील, म्हणून वहिनीला बरोबर आण.

वाट पाहते. रागावलास तरी लोभ ठेव.
आवडी

परळ, मुंबई
९ नोव्हेंबर १९६१

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

तपासून झाल्यावर तू कापणीसाठी गावी पुढे गेलास आणि वहिनीला माझ्याकडे ठेवलंस, हे फार बरं झालं. तुझी पट्टी चांगली आली म्हणून आपण निर्धास्त होतो. पण आमच्या चाळीचा जिना चढताना वहिनी प्रत्येक मजल्यावर थांबायची. कुणाची तुळस बघते, खालचा टांगा बघते म्हणायची. मला शंका आली. लुगड्याचा काठ उचलून पाहिला, तर दोन्ही पाय सुजलेले.

काल तिला तपासून आणलं. विडीचं विचारल्यावर ती लाजली. मग डॉक्टरांनी विचारलं, चुलीपुढे किती वर्षं? ती म्हणाली, कळायला लागल्यापासून. दादा, धुरानं तिचं फुप्फुस बिघडलंय आणि तिचं काळीज खरोखरच दमलंय. गोळ्या दिल्यात. मीठ कमी, धूर नाही, ओझं नाही.

इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, "घरात एक खोकला पुरे, गो. तुझ्या दादाचा मोठा. त्यात माझा कुणाला ऐकू जाणार?"

तिला रविवारी एस.टी.त बसवते. जप तिला, एवढंच मागणं.
आवडी

मु. तुडील
११ डिसेंबर १९६१

चि. आवडीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बांधावर बसून राहिलो. चूल आता मागच्या पडवीत काढलीय, तिथं धूर कोंडत नाय. पाणी मीच भरतो, अर्धी अर्धी कळशी करून. बाया हसतात. अळणी कालवण दोघंही खातो. विडी सुटली, तिलाच विचार. पायांची सूज पुष्कळ उतरलीय. डॉक्टर म्हणतो, पुरतं बरं व्हायचं नाय, पण जपलं तर तब्येत टिकेल.

काल तिला महाडला दाखवायला नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, हिला दम कधीपासून लागतो? मी सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला ठाऊकच नव्हतं. तिनंच खाली मान घालून सांगितलं, "ठकूच्या वेळच्या बाळंतपणापासून."

आवडे, आमची ठकू आता स्वतः दोन पोरांची आई हाय.

तुझी माया आम्हां दोघांवर असू दे.
सोनबा