फेलिस्तसचं खातं

२ ऑक्टोबर, सोमवार

मशीनने विचारलं, तू कोण, आणि आपण नाव सांगितलं, तर ते खरं आहे हे मशीनला कसं कळतं? एक्स-रे विभागाचे प्रमुख बा कपासा यांनी (आदराने आम्ही बाई-पुरुष सगळ्यांच्याच नावाआधी बा लावतो) आल्या आल्या मला हे विचारलं. मी पासवर्डबद्दल सांगू लागले. ते हसले. म्हणाले, अहो पदवीवाल्या बाई, पासवर्ड तर चोरालाही पाठ असतो. प्रश्न इथे लिहून ठेवतेय.

बाकी दिवस मात्र फार छान गेला. कित्वे शहरातून बसने आले, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या, मांडीवर माझी पदवी. आमच्या घरातली पहिली. बाबा बसस्टँडवर सामान चढवतात. त्यांनी निघताना ड्रायव्हरला ती उघडून दाखवली आणि माझं पूर्ण नाव मोठ्याने वाचायला लावलं.

काम सोपं आहे. या मिशन हॉस्पिटलचं एकमेव एक्स-रे यंत्र एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं आणि त्याची डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. नवा कॉम्प्युटर खोक्यात तयार आहे. यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा परवाना जुन्याच्या रजिस्ट्रीत आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आठवण, असं मी बा कपासांना समजावलं. तिचा बॅकअप घेऊन नव्यावर चढवायचा. डिस्क त्याआधी गेली, तर यंत्र म्हणजे नुसतं लोखंड. एका दुपारचं काम आहे, असं मी सांगून टाकलं.

फाटकाशी शेंगदाणे विकणारी एक म्हातारी माझ्यासाठी कपभर पाणी घेऊन आली. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी कप पुढे केला. एवढ्या वयाची बाई माझ्यापुढे गुडघे टेकते याची मला इतकी लाज वाटली की मी ते घटाघटा पिऊन टाकलं. तिने हळूच टाळ्या वाजवल्या. नर्स कामं सोडून बघत होत्या.

४ ऑक्टोबर, बुधवार

बॅकअप होत नाही. फाइल लिहिता येत नाही, एवढंच सांगतो. पेन ड्राइव्हवर जागा आहे, दुसरा लावून पाहिला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, तर परवानगी नाही. शेवटी कळलं की परवान्याच्या त्या भागाची मालकी माझ्याआधीच्या तंत्रज्ञ मुलीच्या नावावर आहे. फेलिस्तस. जुलैत ताप येऊन वारली, हाच बॅकअप अर्धा टाकून. नर्स म्हणाली, म्हणजे बा फेलिस्तस अजून ड्यूटीवरच आहेत म्हणा की, पगार तेवढा घेत नाहीत! सगळ्या हसल्या. मीही हसले.

मालकी माझ्या नावावर करून ठेवली. शुक्रवारी पुन्हा बघते.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

मालकी पुन्हा फेलिस्तस.

विंडोजमधली बॅकअपला लागणारी एक सेवा बंद होती, ती सुरू केली. त्यामुळे बाकी सगळ्याचा बॅकअप झाला, फक्त परवान्याचा भाग राहिला. कारण दिलं: दुसरी व्यक्ती हे वापरत आहे. मी वापरकर्त्यांची यादी उघडली. प्रिस्का, म्हणजे मी, सक्रिय. खाली फेलिस्तस, सक्रिय. नेटवर्कची वायर उपटली. तरी सक्रिय. कीबोर्ड एकच आहे आणि त्यावर माझे हात होते.

दुपारी फाटकातून बाहेर पडताना त्या म्हातारीने हाक मारली, ए फेली, जेवलीस का? मी ओ न देता तशीच परत आत आले आणि बा कपासांना विचारलं, ही कोण. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, ती फेलिस्तसची आई. आपल्याकडे माणूस गेलं की त्याचं नाव कुणीतरी घ्यायचं असतं, पाणी पिऊन, हे तुम्हा शहरातल्या पोरींना कुणी शिकवत नाही का? फेलिस्तसचं नाव घ्यायला नात्यातलं कुणी तयार झालं नाही. तिचा जीव बसायला जागा शोधत होता. तुम्ही प्यायलात.

मला राग आला. ही अंधश्रद्धा आहे, असं मी म्हणाले. ते म्हणाले, असेल. पाण्याने अर्धंच होतं. तिच्या हाकेला ओ मात्र देऊ नका.

९ ऑक्टोबर, सोमवार

सेफ मोडमध्ये सुरू केलं. त्यात फक्त गरजेपुरतं तेवढंच उघडतं.

यादीत एकच नाव आलं. माझं नव्हतं.

बाबांना फोन केला. नुसता आवाज ऐकायचा होता. ते फार अदबीने बोलले — आपण कोण, बाई? माझ्या मुलीला जरा फोन देता का? मी म्हटलं, बाबा, मीच. ते म्हणाले, चेष्टा करू नका, मी म्हातारा माणूस आहे —

१० ऑक्टोबर

नर्सने मला बा फेलिस्तस म्हटलं. मी म्हटलं, प्रिस्का. ती हसली. मग काय म्हणू, म्हणाली. तिच्या हसण्यात चेष्टा नव्हती. मला त्याचीच —

डिस्क टकटक करतेय. ती मरू दे. उद्याच्या बसने घरी जाते. बाबा मला समोर बघतील तेव्हा ओळखतील. ओळखतीलच.

११ ऑक्टोबर

पिशवी भरली होती. फाटकापर्यंत पोचले होते —

खायचे सुरवंट वेचायला माणसं घेऊन निघालेला ट्रक उलटला. व्हरांडाभर माणसं. एका बाईची मांडी — बा कपासा ओरडत होते, हाड कुठे मोडलंय ते दिसल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. यंत्र बंद, परवाना नव्यावर चढवल्याशिवाय चालणार नाही. डिस्क थांबत थांबत फिरतेय.

पडद्यावर एकच खातं. फेलिस्तस. पासवर्डसाठी खूण — आई काय म्हणून हाक मारते?

मला माहीत आहे. बा कपासांनाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ती बाई विव्हळत होती.

टाइप करणं म्हणजे ओ देणंच —

नंतर

बॅकअप पूर्ण. एकही त्रुटी नाही. नव्यावर चढला. फोटो निघताहेत, ती बाई आत आहे. वाचेल म्हणतात.

पदवी उघडून पाहिली. त्यावरचं नाव वाचता येतं. कुणाचं ते —

कित्वेच्या बसस्टँडवर एक म्हातारा सामान चढवतो. त्याला कुणीतरी सांगा, की त्याची मुलगी —

आई फाटकाशी उभी आहे. जेवलीस का, विचारतेय.

मी ओ दिली. मी फे —