दाराबाहेरचा खोकला

बाबा,

मी कामावर जातेय. म्युझिक सिस्टीमला नवा डॅक जोडलाय, आवाज स्वच्छ करणारा तो काळा चपटा डबा. "चांगलं चाललं होतं, कशाला नसती उठाठेव?" असं म्हणाल. पण आईच्या कॅसेटवरून उतरवलेलं तिचं गाणं हेडफोन लावून एकदा ऐकाच. आता वहीचं पान उलटलेलंसुद्धा ऐकू येतं. आणि दुसऱ्या कडव्यानंतर दाराबाहेर कोणीतरी खोकतं, आधी छोटं, मग लांबलचक. गाणं संपेपर्यंत तिथून हलत मात्र नाही, कारण शेवटी पुन्हा तोच खोकला.

आई गेल्यापासून तुम्ही सांगताय, तिचं गाणं कधी ऐकलंच नाही. मग बाहेर कोण उभं होतं?

संध्याकाळी विचारीन. खोकल्याचं औषध फ्रिजवर ठेवलंय.