पलीकडे न उतरणारी लिफ्ट

आणि भाऊजी, "बसून बटणं दाबायचा पगार घेतो" असं तुम्ही पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणालात, ते ताईने मला फोनवर सांगितलंच. बसून नाही, उभ्याने दाबतो. स्टूल अजून मंजूर व्हायचंय. असो. तुम्ही मोठे, म्हणून आधी नमस्कार (भांडण नमस्कारानंतर चालू ठेवू). पित्त कसं आहे? ताई अजून तुमचं सगळं ऐकून घेते ना? मी ठणठणीत आहे, नोकरीचं मात्र महिनाभर काही खरं नव्हतं.

तुम्हाला माहीतच आहे, मी पादचारी पुलाची लिफ्ट चालवतो. म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडता यावा म्हणून सरकारने ती बसवली. फक्त अलीकडे. पलीकडचा फुटपाथ दुसऱ्या खात्याचा, त्यामुळे तिथे बत्तीस पायऱ्या. म्हातारी माणसं वर येतात, पायऱ्या बघतात, कपाळावर हात मारतात आणि माझ्याबरोबर परत खाली येतात. तर गेल्या महिन्यात एकदम दोन तपासण्या आल्या. एक कामगिरीची, तिचे साहेब गळ्यात घड्याळ अडकवून. नेमून दिलेलं काम कमी विजेत, कमी वेळात, नीट होतं का, एवढंच त्यांनी बघायचं. माणूस जाऊन परत येत असल्यामुळे फेऱ्या दुप्पट भरत होत्या. साहेब इतके खूश, की म्हणाले, "तुझ्यासारखी लिफ्ट अख्ख्या शहरात नाही." (मलाच लिफ्ट म्हणाले, पण प्रेमाने.) दुसरी तपासणी धोरणाच्या मूल्यमापनाची, तिच्या एक बाई. त्यांना फेऱ्यांशी घेणंदेणं नाही. मुळात या योजनेने कोणाचं भलं झालं का, हे त्यांनी शोधायचं. त्या महिनाभर पलीकडच्या पायऱ्यांखाली खुर्ची टाकून बसल्या. एकही म्हातारं माणूस उतरलं नाही. त्यांनी लिहिलं, योजना बंद करा. म्हणजे साहेबांच्या कागदावर मला शाबासकी आणि बाईंच्या कागदावर मला घरचा रस्ता. मी सातवी नापास, तरी दोघांना म्हणालो, अहो, एकमेकांचं वाचा की! साहेब म्हणाले, "लिफ्ट का बांधली, ते आमच्याकडे येत नाही." बाई म्हणाल्या, "कशी चालते, ते आमच्याकडे येत नाही." चहा मात्र दोघांचा एकाच किटलीतून यायचा.

शेवटच्या दिवशी एक निवृत्त नर्सबाई आल्या. पलीकडच्या दवाखान्यात जायचं होतं, आठवड्यात तिसऱ्यांदा. वर पोचल्यावर म्हणाल्या, "पोरा, तुझ्या लिफ्टने दवाखाना नुसता दिसतो रे!" माझं डोकंच फिरलं. लिफ्ट तशीच सोडली, नर्सबाईंना पाठुंगळी घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागलो. ("वाकून चाल! श्वास घे! मला नाही, स्वतःला सांभाळ!" अशी वरून त्यांची ड्यूटी चालूच.) खाली मूल्यमापनवाल्या बाई खुर्चीतून उडाल्या. त्यांनी लिहिलं: लाभार्थी एक. तिकडे साहेबांनी लिहिलं: चालक बारा मिनिटं गैरहजर. वर्षभरात माझ्या हातून झालेलं एकच खरं काम, ते एका कागदावर यश आणि दुसऱ्यावर गुन्हा.

मग मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले (खात्यात हे पहिल्यांदाच घडलं म्हणतात). मला वाटलं, आता पलीकडेही लिफ्ट येणार. हुकूम आला: लिफ्ट निरुपयोगी, सबब बंद. चालक कार्यक्षम आणि त्याची पाठ उपयोगी, सबब त्यास कायम करण्यात येत आहे. सोमवारपासून अलीकडे उचलायचं, पलीकडे ठेवायचं. घड्याळवाले साहेब पुन्हा येतील, ताशी किती म्हातारे होतात ते मोजायला. बाईही येतील, त्या म्हाताऱ्यांना पलीकडे जायची मुळात गरज होती का, ते विचारायला.

तुमचा, कायम झालेला मेहुणा

ता. क. ताईला कायम झालो एवढंच सांगा. कशावर, ते सांगू नका.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं: कंबर धरल्यावर तुम्ही बांधायचात तसला रुंद पट्टा इथे मिळत नाही. दोन घेऊन पाठवा, एक धुवायला टाकता येईल. दर महिन्याचे दोन हजार पाठवलेत. त्यातून पट्ट्यांचे सहाशे ऐंशी कापा. ताईच्या हातात पडतील ते एक हजार तीनशे वीस फक्त.