करपलं तरी खाऊन घे

लुगाझी,
रविवार, ९ ऑगस्ट २००९

प्रिय लुब्वामा,

आम्ही इथे ठीक आहोत, तूही नैरोबीत ठीक असशील. बाबांचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय.

शेजारच्या नालुगोची कोंबडी हल्ली आपल्या व्हिडिओ हॉलमध्ये बाकाखाली अंडी घालते. परवा पडद्यावर ऐन मारामारी चालू असताना बाबा माईकवरून कोंबडीला म्हणाले, "ए बाई, तिकीट काढलंस का?" अख्खा हॉल हसला. त्यांचा आवाज मात्र फाटका येतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

आपला खेळ आठवतो? मी संवाद म्हणायचा, तू सिनेमा ओळखायचा. हिरोची वाक्यं चालायची नाहीत, ती कुणालाही पाठ असतात. पहारेकऱ्याचं, नाहीतर खानावळवालीचं वाक्य हवं. इंग्रजी सिनेमा आपण ऐकला तो बाबांच्याच तोंडून, पडद्यावर चित्र चालू असताना ते माईकवरून आपल्या लुगांडा भाषेत सांगतील तसा. त्यामुळे कॉलेजात तसाच खेळ रंगला तेव्हा तू छाती फुगवून समुद्री चाच्यांच्या सिनेमातलं वाक्य टाकलंस: "पोरा, करपलं तरी खाऊन घे. तुझ्या आईकडून शिकायचं राहून गेलं." मित्रांनी सिनेमा लावून दाखवला. बोटीवरचा तो कप्तान नुसता समुद्राकडे बघतो, चकार शब्द बोलत नाही. ते किती हसले असतील, मला कल्पना आहे.

पण तू घरी येऊन भरल्या हॉलमध्ये म्हणालास, "तुम्हाला इंग्रजी येत नाही. आयुष्यभर लोकांना थापा विकल्यात." बाबांनी माईक खाली ठेवला. चार वर्षं झाली. तो सिनेमा अजून लागतो, पण बोटीचा प्रसंग आला की बाबा गप्प बसतात. लोक ओरडतात, "अहो, झोपलात काय?"

आता माझं ऐक. ते वाक्य बाबांचं आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आई गेली त्याच आठवड्यातली गोष्ट. तू सहा वर्षांचा, तीन दिवस ताटाला हात लावला नव्हतास. बाबांनी उकडलेली केळी आणि शेंगदाण्याची आमटी केली, दोन्ही करपवलं. तोंडाने तुला सांगता येईना. संध्याकाळी तू पहिल्या बाकावर बसलेलास, बोटीचा प्रसंग आला आणि त्यांनी कप्तानाच्या तोंडून सांगितलं. घरी येऊन तू ताट चाटून पुसून साफ केलंस आणि म्हणालास, "कप्तान सांगतो तर खातो." हे मी तुला कधीच सांगितलं नाही, कारण सिनेमातलं वाक्य कुठलं आणि बाबांचं कुठलं, हे गुपित स्वतःकडे ठेवून मला खेळात वरचढ राहायचं असायचं. तुझी फजिती झाली त्यात माझाही वाटा आहे. मला माफ कर.

पुढे लिहिते म्हटलं होतं, ते हे. बाबांच्या घशात गाठ आहे. येत्या शुक्रवारी कंपालात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. गुरुवारी दुपारी दोनला बाबा शेवटचा खेळ करणार आहेत, चाच्यांचाच. मी विचारलं, "बोटीच्या वेळी बोलणार का?" म्हणाले, "ज्याच्यासाठी बोललो होतो, तो कुठे आहे?"

मला तुझी फार आठवण येते रे. त्यांनाही येते, पण ते कोंबडीशी बोलतात.

एक संवाद देते, ओळख: "पहिल्या बाकावर कुणी बसू नका, जागा धरलेली आहे." कालपासून बाबा प्रत्येक सिनेमाआधी माईकवरून म्हणतात. मित्रांना विचारू नकोस, हा कुठल्याच सिनेमात नाही.

उत्तराची नाही, तुझी वाट बघणारी,
तुझी ताई
नाबोसा